कोल्हापुरातून रत्नागिरीचं मत्स्यालय: मुलांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोल्हापूरकर कोकणात उतरतो ते देवाला, माशाला नाहीतर लाटांत भिजायला. आमचंही तसंच होतं. मग थोरल्याला सहावीत सागरी जीवांच्या संवर्धनावर प्रकल्प करायला सांगितला. दुकानातून चित्रांचा तक्ता आणून वहीत चिकटवण्यापेक्षा एकदा खरंच दाखवून आणू, म्हणून आम्ही रत्नागिरीच्या मत्स्यालयाची वाट धरली. आम्ही दोघं, थोरला, धाकटी आणि सासूबाई.

त्या पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं चुकलं. वेळ चुकली, ओहोटी चुकली, पोरांनी वीस मिनिटांत "बघून झालं, आता आईस्क्रीम" म्हणून टाकलं, आणि परतीच्या वाटेवर गाडीत जे घडलं ते पुढं सांगतेच. त्यानंतर अजून दोनदा गेलो. खालचं सगळं त्या तीन फेऱ्यांतून जमलेलं आहे.

कुठं जायचं आणि कसली अपेक्षा ठेवायची नाही

हे मत्स्यालय सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या आवारात आहे, रत्नागिरीच्या झाडगावात. केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. म्हणजे ही मुळात अभ्यास करणाऱ्या माणसांची जागा आहे, करमणुकीसाठी बांधलेली नाही. मोबाईलवर परदेशातले काचेचे बोगदे बघितलेल्या पोरांना आधीच सांगून ठेवा की डोक्यावरून शार्क पोहत जाणार नाही. भिंतीतल्या टाक्या, त्यांत गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले मासे, शेजारी संग्रहालय, त्यात देवमाशाचा भलामोठा सांगाडा. धावत बघितलं तर अर्ध्या तासात बाहेर पडता. नीट बघायचं तर दोन तास लागतात.

कुणीतरी मामा-काका "त्यापेक्षा मुंबईला न्या की तारापोरवालाला" म्हणतीलच. ते मत्स्यालय १९५१ सालचं, आपल्या पिढीनं शाळेच्या सहलीत बघितलेलं. पण ते बरीच वर्षं बंद आहे. तेव्हा रत्नागिरीच.

पहिली पायरी कोल्हापुरातच: मासळी बाजार आणि कंपासपेटीतली पट्टी

जायच्या आधीच्या शुक्रवारी किंवा बुधवारी मुलांना घेऊन मासळी बाजारात जा. नुसतं जाऊ नका, कंपासपेटीतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी सोबत न्या. मत्स्यालयातल्या टाकीपुढं उभं राहून "मासे वाचवा" म्हणण्यापेक्षा बर्फावर पडलेला मासा हातात घेऊन मोजणं पोरांच्या जास्त डोक्यात बसतं. आमच्या पोरांच्या तरी बसलं.

२०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन गोष्टी झाल्या. पापलेट, म्हणजे रुपेरी पापलेट, हा राज्य मासा म्हणून जाहीर झाला. आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला गेला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटाला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०, सुरमईला ३७०. पापलेटाचं माप म्हणजे शाळेच्या पट्टीपेक्षा दीड सेंटीमीटर कमी. म्हणून ती पट्टी.

धाकटीनं पहिल्या पापलेटावर पट्टी ठेवली तेव्हा मासेवाल्या मावशींनी भुवया वर केल्या. "ताई, मासा वजनावर घेत्यात, पट्टीनं न्हाई." पाटीत सहा पापलेटं होती. दोन साडेचौदाच्या पुढची. बाकीची चार, एक एक करून पोरीनं मोजली: बारा, साडेअकरा, बारा, अकरा. आईच्या तळहातावर मावतील एवढी. "मग ही बाळं आहेत?" तिनं विचारलं. मावशी म्हणाल्या, "बारकी चवीला ग्वाड असत्यात, आन् स्वस्त बी."

खोटं कशाला बोलू, आम्ही वर्षानुवर्षं तीच घेत आलो होतो. पाच माणसांना पाच आख्खी पापलेटं, ताटात शोभतात, तव्यावर मावतात. पण त्या मापाच्या माशानं अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. बियाण्याला ठेवलेली ज्वारी दळून भाकरी करण्यातलाच हा प्रकार. मावशींना दोष द्यायचं कारण नाही. गिऱ्हाईक जे मागतं ते पाटीत येतं. त्या दिवशी आम्ही दोन मोठी घेतली आणि तुकडे केले.

तिथंच मुलांना मासेमारी बंदीबद्दल सांगून टाका. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. बऱ्याच माशांचा हा अंडी घालायचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. तेव्हा जुलैत कुणी "आजच्या बोटीचं" म्हणून सुरमई विकायला लागला तर दोन प्रश्न जास्त विचारावेत.

दुसरी पायरी: भिंतीवरचं कॅलेंडर

पहिल्या फेरीत आमची सगळ्यात मोठी चूक ही. मत्स्यालय बघून दुपारी बारा वाजता खडकांवर जीव बघायला गेलो, तर खडकच नाहीत! पौर्णिमा होती, भर दुपारची भरती, नुसतं पाणी. तिथं गळ घेऊन बसलेल्या एका आजोबांनी सासूबाईंना हिशेब सांगितला, तो किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

तिथीला पाऊण पटीनं गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि साधारण सव्वासहा तासांनी, दुपारी बाराच्या पुढं, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधराचे पाऊण सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं सरकते.

आता यातलं मुख्य. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं. भरतीला पाणी जास्त चढतं तसं ओहोटीला जास्त खाली जातं, आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. म्हणून आमचा ठरलेला बेत असा: पौर्णिमा किंवा अमावस्येच्या मागचापुढचा दिवस, सकाळी मत्स्यालय, दुपारी जेवण आणि थोडी झोप, चार-साडेचारला खडक. सासूबाईंना हे फार आवडलं. पंचांगाचा असाही उपयोग असतो हे त्यांनी नंतर सगळ्या भिशीला सांगितलं.

महिना कुठला? नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल-मेमध्ये उकाड्यानं पोरं किरकिर करतात, पावसाळ्यात आंबा घाटात दरडींची भीती.

निघण्याआधी

मत्स्यालयाला फोन करून सुट्टीचा वार आणि दुपारची बंद व्हायची वेळ विचारून घ्या. सरकारी सुट्टीला तर नक्की विचारा. आम्ही एकदा कुलूप बघून परत आलोय.

अंतर सुमारे १३० किलोमीटर. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, घाट उतरून साखरपा, दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा, रत्नागिरी. साडेतीन-चार तास धरा. रुंदीकरणाचं काम कुठं चालू असेल त्यावर आहे. कोल्हापूर-रत्नागिरी थेट रेल्वे नाही. गाडी नसेल तर मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी. घाटात उलटीचा त्रास असणाऱ्याला पुढं बसवा आणि निघताना मिसळ खायला घालू नका, हे अनुभवाचे बोल.

सोबत काय: भडंग घरचं, डब्यात. पाण्याच्या बाटल्या घरच्या. पकडीच्या चपला, कारण शेवाळलेल्या खडकावर साधी स्लीपर म्हणजे डोकं फुटायची सोय. एक वही, एक पेन्सिल. एवढंच.

आंब्यात गाडी थांबवा

ही पायरी कुठल्या पर्यटनाच्या माहितीत नसते, पण मला विचाराल तर सगळ्या सहलीचा कणा हीच आहे. आंबा गाव ओलांडून घाट सुरू होतो तिथं जागा बघून गाडी बाजूला घ्या. वाहनं जोरात येतात, मुलांचा हात सोडू नका. मुलांना सांगा, इथं पाऊस पडला तर त्याच्या दोन वाटा होतात.

पश्चिमेकडं पडलेलं पाणी घाटाखाली उतरतं, काजळी नदीला मिळतं आणि साठ-पासष्ट किलोमीटर जाऊन रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीतून अरबी समुद्राला लागतं. पूर्वेकडं पडलेलं पाणी कडवी नदीत जातं, कडवी वारणेला, वारणा हरिपूरला कृष्णेला. आणि कृष्णा? कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत, सगळी मिळून चौदाशे किलोमीटर, हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला.

आपल्या पंचगंगेचंही तेच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांची मिळून झालेली ही नदी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला भेटते. म्हणजे कोल्हापूरला जवळचा समुद्र कोकणातला, पण कोल्हापूरचं पाणी जातं ते पार दुसऱ्या समुद्राला! थोरल्याला हे खरंच वाटेना. त्यानं मोबाईलवर नकाशा काढून बोटानं नदी धरली आणि बोट कर्नाटकात, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावर जाऊन थांबलं. "हे तर पुरातलं धरण." बरोबर. आपल्याला अलमट्टी आठवते ती राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांवर, म्हणजे धोक्याच्या खुणेवर गेली की. एरवी नदीत टाकलेलं पुढं कुठं जातं हे कोण बघतंय?

इथं एक खरं सांगायला हवं. पंचगंगेत टाकलेली प्रत्येक प्लास्टिकची पिशवी बंगालच्या उपसागरात पोचते असं नाही. वाटेत बंधारे आहेत, अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागरसारखी मोठी धरणं आहेत. पुष्कळ कचरा गाळात, झाडांत अडकतो. पूर ओसरल्यावर शिरोळकडं बाभळींना लोंबणाऱ्या पिशव्या बघितल्यात ना, त्या तशाच. पण अडकलेली पिशवी नाहीशी होत नाही. उन्हानं तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे बारीक कण, आणि सगळ्याच कणांना बंधारा अडवत नाही.

हे मुलांच्या डोक्यात ठेवून घाट उतरा. पुढं कासवापाशी ते परत लागणार आहे.

मत्स्यालयात: कमी टाक्या, जास्त वेळ

आत गेल्यागेल्या पोरं पहिल्या टाकीपासून शेवटच्या टाकीपर्यंत पळतात. पळू द्या. एक फेरी झाली की परत बोलवा आणि सांगा, आता प्रत्येकानं तीनच टाक्या निवडायच्या आणि एकेकीपुढं दहा मिनिटं उभं राहायचं. चित्र काढायचं, वाईट आलं तरी चालेल.

बघायचं काय? तीन गोष्टी.

शेपूट. बांगडा, सुरमई यांची शेपूट खोल दुभंगलेली, चंद्रकोरीसारखी. हे लांब पल्ल्याचे पोहणारे. खडकात दबा धरून बसणाऱ्या गोब्र्याची शेपूट गोलसर, पंख्यासारखी; त्याला पळायचं नसतं, एकदाच झेप घ्यायची असते.

तोंड. वर वळलेलं असेल तर तो पृष्ठभागाचं खातो. खाली वळलेलं असेल तर तळ चाचपतो.

डोळे. लेपा मिळाला तर मुलांना जवळ न्या. वाळूत आडवा पडलेला, दोन्ही डोळे एकाच बाजूला. पिल्लू असताना याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढता वाढता एक डोळा डोक्यावरून सरकून पलीकडं येतो. धाकटीनं घरी येऊन तीन दिवस एक डोळा झाकून चालायचा खेळ केला.

टाक्यांत कुठले मासे असतील ते दर खेपेला सारखं नसतं, त्यामुळं यादी घेऊन जाऊ नका. समुद्रघोडा दिसला तर सांगा की पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवतो तो नर. आणि तो वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. पोवळ्यांचंही तसंच. म्हणून किनाऱ्यावरच्या दुकानात पोवळ्याचा तुकडा, समुद्रपंखा असलं काही "शोपीस" म्हणून मिळालं तर हात लावू नका, फुकट दिलं तरी.

काचेवर टकटक करायची नाही, फ्लॅश मारायचा नाही. हे पाटीवर लिहिलेलं असतं आणि मोठी माणसंच मोडतात. आमच्या समोर एक गृहस्थ चावीनं काच वाजवत होते, मासा वळावा म्हणून. सासूबाई त्यांच्या शेजारी गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही झोपल्यावर कुणी पत्र्यावर दगड मारला तर कसं वाटंल?" गृहस्थांनी चावी खिशात घातली.

एक प्रश्न मुलं विचारणारच: यांना समुद्रात का सोडत नाहीत? टाळू नका. आमच्या थोरल्यानं तो तिथल्या कर्मचाऱ्यांनाच विचारला आणि त्यांनी पाच मिनिटं थांबून, टाकीचं पाणी कुठून येतं, गाळतात कसं, इथपासून सांगितलं. माझं म्हणाल तर मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण त्या टाकीपुढं उभं राहिल्याशिवाय माझ्या पोरांनी मासा ताटाबाहेर बघितला नसता, हेही खरं.

सांगाड्यापाशी थांबायचं ते असं

देवमाशाच्या सांगाड्यापुढं सगळे फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही मुलांना त्याच्या पुढच्या वल्ह्याची हाडं शोधायला सांगा. आपल्या पंजासारखीच बोटांची हाडं दिसतात. मग विचारा, मासा शेपूट कशी हलवतो? डावी-उजवी. देवमासा? वर-खाली, कारण तो सस्तन प्राणी, पिल्लाला दूध पाजणारा, श्वास घ्यायला वर येणारा.

२०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. गावकऱ्यांनी आणि यंत्रणांनी दिवसरात्र खपून त्याला खोल पाण्यात नेलं, पण ते वाचलं नाही. आमची धाकटी तेव्हा फार रडली होती. सांगाड्यापुढं तिनं तेच आठवून विचारलं, "आपण असतो तर काय केलं असतं?" उत्तर माहीत असलेलं बरं: गर्दी करायची नाही, फोटोसाठी अंगावर हात ठेवायचा नाही, नाकपुडीत पाणी जाऊ द्यायचं नाही आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरला फोन लावायचा. जखमी कासव दिसलं तरी हाच नंबर. "समुद्रातलं आहे, समुद्रात सोडू" म्हणून त्याला ढकलू नका. दमलेलं, जखमी कासव पाण्यात बुडतं. त्यालाही श्वासासाठी वरच यावं लागतं.

मच्छीमारांबद्दल मुलांच्या मनात उगाच खलनायक तयार होऊ देऊ नका. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात योजना आहे: जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून मोबाईलवर चित्रण करायचं. हातातोंडाशी आलेलं जाळं स्वतः कापणारा माणूस कोण असतो, हे पोरांना कळायला हवं.

जेवण

मत्स्यालयातून थेट मासे खायला जाणं विचित्र वाटतं, पण भूक लागते. पहिल्या वेळी धाकटीनं सुरमईचं ताट पुढं सरकवलं. "मी हिला आत्ता बघितलंय." सासूबाई म्हणाल्या, "मग मटण खा की." माशांच्या खानावळीत, कोल्हापूरच्या बाईनं! शेवटी पोरीनं सोलकढी-भात खाल्ला. जबरदस्ती करू नका. दुसऱ्या फेरीत तिनं स्वतःच बांगडा मागितला, भराभर वाढणारा मासा आहे म्हणून. मोरी, म्हणजे लहान मुशी, आम्ही आता मागवत नाही. शार्कच्या जाती उशिरा वयात येतात आणि पिल्लं थोडी देतात. बाकी ज्याचं त्यानं ठरवावं.

ओहोटीचे खडक

भाट्याच्या पुलावरून जाणार असाल तर खाडीच्या कडेची खारफुटी दाखवा. चिखलातून वर आलेली मुळं श्वास घेतात, आणि त्या मुळांच्या जाळीत कोळंबीची, माशांची पिल्लं वाढतात. पांढरी चिप्पी हे २०२० पासून आपलं राज्य कांदळवन वृक्ष आहे.

मग खडक. नेमकं कुठं उतरायचं ते तिथल्या माणसाला विचारा, आणि पाणी परत फिरायला लागलं की वर या. पंचगंगेत, रंकाळ्यात, विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या लोकांना समुद्र म्हणजे मोठी पंचगंगा वाटते. ती नाही. आरे-वारेसारख्या देखण्या किनाऱ्यांवरही माणसं गेली आहेत.

खडकातल्या डबक्यापाशी उकिडवं बसा आणि दोन मिनिटं गप्प राहा. आधी काही दिसत नाही. मग एक दगड हलतो, तो खेकडा निघतो. खडकाला चिकटलेली कालवं, बोटाची सावली पडताच आकसून घेणारं समुद्रफूल, आणि हळूहळू चालू लागलेला शंख. या शंखाचीच आमची गोष्ट आहे.

पहिल्या फेरीत धाकटीनं किनाऱ्यावरून पंधरा-वीस शंखशिंपले गोळा केले, मीच प्लास्टिकची पिशवी दिली. साखरप्याच्या पुढं, घाट चढताना, मागच्या सीटवरून किंचाळी आली. पिशवी हलत होती. दोन शंखांत खेकडे होते. दुसऱ्याचा रिकामा शंख घर म्हणून वापरणारे, मऊ पोटाचे, छोटे. परत वळायचं तर अडीच तास, अंधार पडलेला. ह्यांनी गाडी थांबवली, आम्ही बाटलीतलं पाणी घातलं. गोडं पाणी. काय करतोय हे कुणालाच कळत नव्हतं. मलकापूर येईपर्यंत एक थांबला, कोल्हापूरला पोचलो तेव्हा दुसराही. गाडीला आठवडाभर वास होता, आणि धाकटी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तेव्हा नियम: शंख उचला, आत बघा, हातावर ठेवा, चित्र काढा, जिथला तिथं परत ठेवा. रिकामा असला तरी. त्या खेकड्याला वाढलं की मोठं घर लागतं, आणि ते घर आपल्या शोकेसमध्ये असतं.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर

ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं याच दिवसांत निघतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये अंडी राखायचं काम सुरू केलं, आणि आता किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत कासवमित्र आहेत. रत्नागिरीपासून जवळचं म्हणजे पूर्णगडाजवळचं गावखडी. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. घरट्यातून किती निघतील ते कासवमित्रालाही सांगता येत नाही, तेव्हा एका दिवसाचा बेत करून "काही दिसलंच नाही" म्हणून रुसू नका. दोरीच्या मागं उभं राहायचं, टॉर्च नाही, फ्लॅश नाही, पिल्लू उचलून पाण्यात ठेवायचं नाही. ते त्याचं त्यालाच चालू द्यायचं असतं. अंड्यांतून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त.

आता आंब्याच्या घाटात सांगितलेली गोष्ट काढा. २०२३ मध्ये गुहागरला एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं, तिचं नाव बागेश्री ठेवलं. ती दक्षिणेकडं गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली. आणि उलटंही घडलं. ओडिशात गहीरमाथ्याला २०२१ मध्ये टॅग लावलेली एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली.

थोरल्यानं हे ऐकून वहीतला नकाशा काढला. पंचगंगेची रेघ त्यानं आधीच बंगालच्या उपसागरापर्यंत ओढली होती, आता गुहागरपासून दुसरी रेघ भारताच्या टोकाला वळसा घालून तिथंच नेली. पिशवी इकडून जाते आणि कासव तिकडून. त्याच्या प्रकल्पाचं पहिलं पान तेच झालं. बाईंनी शेजारी लाल शाईनं "नदी चुकीच्या बाजूला दाखवली आहे" असा शेरा मारला होता. मग आम्ही नकाशाचं पुस्तक घेऊन शाळेत गेलो आणि शेरा खोडून घेतला.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात काहीतरी एक करा, नाहीतर सगळं फोटोंत राहतं. आमच्याकडं दोन गोष्टी टिकल्या. गणपतीत मूर्ती विसर्जन कुंडात द्यायची आणि निर्माल्य वेगळं. कोल्हापुरात ही चाल तशी जुनी आहे, आम्हीच आळस करत होतो. सासूबाईंनी पहिल्या वर्षी कुरकुर केली, दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोन घरांच्या मूर्ती त्याच घेऊन गेल्या.

दुसरी गोष्ट पट्टीची. ती आता मासळीच्या पिशवीतच असते, तिला वास येतो, आणि थोरल्याला शाळेसाठी नवी घ्यावी लागली. मावशी लांबूनच बघतात आणि म्हणतात, "आली बघा मापवाली. ताई, आज मोठी हायेत, मोजूनच घ्या."